काळीवर वसलेली पांढरी

(तेरणाकाठच्या एका पुनर्वसित गावात, रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज फळा पुसून ठेवला आहे. आज वाचायचं नाही, लिहायचं नाही. आज आम्ही बोलणार आणि तुम्ही ऐकायचं. मधे कुणाला काही विचारावंसं वाटलं तर खुशाल विचारा.

परवा वर्ग सुटल्यावर एका सुनेनं आम्हांला एक प्रश्न केला. ती लातूरकडची. लग्न होऊन तिला दोन वर्षं झाली. ती म्हणाली, "आमचे मामंजी रोज सकाळी 'गावात जाऊन येतो' म्हणून निघतात. आपण गावातच तर राहतो. मग ते जातात तरी कुठं?"

पोरीसोरी हसल्या. पण जी जुनी माणसं बसली होती, ती हसली नाहीत. तिचे मामंजी जातात ते तीन किलोमीटरवर, तेरणेच्या अंगाला. तिथं आता दगडांचे ढीग आहेत. वेडी बाभळ माजली आहे. मारुतीचं देऊळ तेवढं कसंबसं उभं आहे. त्या ढिगांना म्हातारी माणसं अजून 'गाव' म्हणतात. आणि आपण जिथं राहतो, जिथं शाळा आहे, पाण्याची टाकी आहे, एसटीचा थांबा आहे, त्याला म्हणतात 'पुनर्वसन'. तीस वर्षं होऊन गेली, तरी जिभेचं वळण गेलं नाही.

म्हणून म्हटलं, आज तेच सांगू. आम्ही गाव सोडून इथं कसे आलो, आणि इथं राहायला कसे शिकलो. या वर्गातल्या निम्म्या बाया सुना म्हणून परगावाहून आलेल्या आहेत. नव्या उंबऱ्यात पाऊल टाकताना पोटात कसं कालवतं, हे तुम्हांला सांगायला नको. फरक एवढाच, की तुम्ही एकएकट्या आलात. आम्ही सगळं गाव मिळून परगावी आलो.

आपल्याकडं शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. हे शब्द तुम्ही वाडवडलांच्या तोंडून ऐकले असतील. शेताची माती काळी, ती पिकवते. गावठाणाची माती पांढरी. ती पांढरी का झाली? तर मातीची घरं पडतात, त्याच जागी पुन्हा उभी राहतात. चुलीची राख, शेणाचं सारवण, भिंतीचा चुना, गोठ्यातला केर, सगळं तिथंच मुरतं. पाच-सात पिढ्या माणसं नांदली की जमिनीचा रंग बदलतो. पांढरी कुणी गाडीत भरून आणून टाकत नाही. ती नांदून होते.

आपलं आताचं गाव वसलं ते काळीवर. आपण बसलो आहोत ना, इथं १९९३ सालापर्यंत ज्वारी डोलत होती.

आता जुन्या गावाचं सांगतो. जुनं गाव दाट होतं. घराला घर लागून. घरं माळवदाची. भिंती दगडाच्या, दीड-दोन हात रुंद, नुसत्या चिखलात रचलेल्या. आत लाकडी खांब. खांबांवर तुळया. तुळयांवर लाकडाच्या फळ्या आणि काटक्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. घर किती मोठं, ते खणांवर मोजायचं. कुणाचं पाच खणांचं, कुणाचं अकरा खणांचं. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. वर चढलं की या माळवदावरून त्या माळवदावर चालत आळीच्या टोकाला जाता यायचं. बाया वर कुरडया वाळत घालायच्या आणि तिथूनच चार घरं पलीकडच्या सोयरीशी बोलायच्या.

जुन्या गावाचं सगळंच गोड होतं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. माणूस गेलेल्या गोष्टीला साखर लावून सांगतो. बोळात बैलगाडी जेमतेम शिरायची. सांडपाणी दारातून वाहायचं. कोणी कुठल्या आडावर पाणी भरायचं, हे जातीनं ठरलेलं होतं. तेही त्याच पांढरीत मुरलेलं होतं.

माळवदाची एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पावसाळ्यात ते गळायचं. म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी वर आणखी माती टाकायची. जुनी माती काढायची कोण? कुणीच नाही. बापानं टाकली, मुलानं टाकली, नातवानं टाकली. आपल्या डोक्यावर किती बोजा झाला, हे कुणी मोजलं नाही. भिंतीचंही तसंच. बाहेरचा दगड वेगळा, आतला दगड वेगळा, मधे भर. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा लांब दगड घालायचा असतो, तो घालायला गवंडी कंटाळत आणि आम्ही विचारत नसू. भिंत दिसायला किल्ल्याची. आतून दोन भिंती पाठीला पाठ लावून नुसत्या उभ्या.

१९९२ साली किल्लारीला लहान लहान धक्के येऊन गेले होते. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आपल्याला लागूनच. माणसं काही रात्री बाहेर निजली. मग थंडी पडली, कंटाळा आला, पुन्हा आत गेली.

पुढच्या वर्षी, २९ सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती बोळवले. गावोगाव मिरवणुका झाल्या. माणसं दमून निजली. ३० तारखेला पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. रिश्टरच्या मापावर सहाच्या वर मोजला तो धक्का. एक मिनिटही लागलं नाही. आमच्या घरातली दोन माणसं गेली. त्याबद्दल आज जास्त बोलत नाही.

दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली. कोणी आकडा याहून मोठा सांगतात. आपल्या जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. धाराशिव हे नाव सरकारदरबारी २०२३ साली लागलं. लोहारा तालुकाही तेव्हा नव्हता, आपण उमरगा तालुक्यात होतो. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी या आपल्या बाजूच्या गावांची दशा आमच्यासारखीच झाली. लष्कर आलं. वरून पाऊस. जळण मिळेना, तेव्हा पडलेल्या घरांच्या तुळया सरणाला लागल्या. ज्या खणांत माणूस जन्मला, त्याच खणांचं लाकूड त्याला लागलं.

त्यात एक गोष्ट आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली. वाडे पडले आणि कुडाच्या झोपड्या उभ्या राहिल्या. ज्यांना दगडाची भिंत परवडत नव्हती, त्यांची लेकरं वाचली. दुसरं असं, की पुष्कळ घरांत भिंती ढासळल्या, पण आतले खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या. म्हणजे मारलं ते जमिनीनं नाही. मारलं ते दगड-चिखलाच्या भिंतीनं आणि डोक्यावरच्या मातीनं. ही गोष्ट पुढं पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ता सांगून ठेवतो.

मग पत्र्याच्या शेडी आल्या. दोन वर्षांवर आम्ही त्या पत्र्यात काढली. उन्हाळ्यात भट्टी. पावसात पत्र्यावर असा आवाज व्हायचा की लेकरं दचकून उठायची आणि बाहेर पळायची. त्यांना वाटे, पुन्हा आलं. एक आजोबा तर पुढं पक्कं घर मिळाल्यावरही आत निजले नाहीत. पावसाळ्यात ओसरीला, बाकीचे आठ महिने अंगणात. मरेपर्यंत तसेच राहिले.

त्याच शेडींत बसून ठरलं की गाव हलवायचं. असं ठरलेली एक आम्हीच नव्हतो. दोन्ही जिल्ह्यांतली मिळून बावन्न गावं नव्या जागी गेली. सरकारनं पैसा उभा केला, १९९४ साली जागतिक बँकेनं कर्ज दिलं, देशभरातून संस्था मदतीला धावल्या. आईबाप गेलेली, निराधार झालेली बाराशेच्या वर मुलं पुण्याला भारतीय जैन संघटनेनं शिकायला नेली. हे ऋण मोठं आहे आणि ते आम्ही विसरलेलो नाही.

पण जावं की न जावं, यावर भांडणं काय थोडी झाली! म्हातारे म्हणत, मारुती इथं आहे, आड इथं आहे, मढी इथं पुरली-जाळली आहेत, आम्ही कुठं जायचं? तरणे म्हणत, या दगडांत आता पाऊल टाकवत नाही. बायांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, तेही सांगतो. त्या म्हणाल्या असत्या, "शेजार कोणता देता, ते आधी सांगा." हे आम्हांला पुढं कळलं.

इकडं सोलापूर-पुण्याच्या बाजूला उजनीचं धरण आहे. त्यात गावंच्या गावं बुडाली. उन्हाळ्यात पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि माणसं बघायला जातात. त्यांना आपलं गाव बघायला उन्हाळ्याची वाट पाहावी लागते. आमचं उलटं. आमचं गाव रोज दिसतं, चालत जाता येतं. सोपं कोणतं, ते आम्हांला सांगता येणार नाही.

तर नवीन गाव तयार झालं. आम्ही बैलगाड्या भरून आलो. डोळे दिपले! रस्ते एवढे रुंद की दोन ट्रक शेजारून जावेत. घरं ओळीनं, सगळी सारखी, जशी शहरात वसाहत असते. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब. प्रत्येकाला संडास. घराचं माप जमिनीवर ठरलेलं होतं. ज्यांना जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे, त्यांना अडीचशे चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना चारशे. सात हेक्टरच्या वर असेल त्याला साडेसातशे. आणि त्या त्या मापाची घरं त्या त्या बाजूला.

आता यात काय झालं बघा. जुन्या गावात एका वाड्यात चार भाऊ राहत. वाटण्या झालेल्या, पण ओसरी एक. नवीन गावात एक भाऊ चारशेच्या ओळीत गेला, दुसरा अडीचशेच्या ओळीत, आई तिसऱ्याच टोकाला. सालगड्याचं घर मालकाच्या घरापासून लांब गेलं, ते एका परीनं बरंच झालं. पण सालगड्यांची, भूमिहीनांची घरं सगळी एकाच कडेला, तीच लहान, तीच दाटीची. जुन्या गावाची शीव मोडली म्हणावं, तर ती मापाच्या रूपानं परत आली. कोणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. कागदावर रेघा मारणाऱ्याला चौकोन दिसतात. चौकोनाच्या आत कोण निजणार, ते दिसत नाही. काही गावांत जाणत्या माणसांनी वेगळं केलं. चारचार घरांचे पुंजके केले, मधे चौक ठेवला. तिथल्या लोकांना लवकर करमलं, असं आम्ही ऐकतो.

आम्हांला करमायला वेळ लागला. पहिल्या महिन्यात एक आजी पाण्याला गेल्या आणि स्वतःचं घर विसरल्या. सगळी दारं सारखी, सगळ्या खिडक्या निळ्या. भर दुपारी त्या तीन ओळी फिरल्या. शेवटी एका ओट्यावर बसून रडू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकानं दाराला जुन्या लुगड्याचा हिरवा काठ बांधला. ते पाहून दुसऱ्यानं चौकटीवर पितळी घंटा लावली. तिसरीनं दारात तुळस ठेवली, चौथीनं भिंतीवर गेरूनं मोर काढला. आज तुम्ही सुना ज्या खुणांनी घरं ओळखता, त्या खुणा अशा लागल्या.

जुन्या बोळात हाक मारली की चार घरं ओ देत. इथं हाक रस्त्यातच विरून जाई. रात्री कुत्रं भुंकलं तरी भीती वाटायची. घरात गुरांना जागा नाही. कडबा कुठं ठेवायचा? पाटा-वरवंटा कुठं मांडायचा? मग संडासात गोवऱ्या आणि सरपण गेलं. बाहेरून पाहुणे येत आणि हसत, "बघा, यांना अक्कल नाही." अहो, अक्कल होती. जागा नव्हती आणि पाणीही नव्हतं. घरापुढं कोठा बांधला आणि नळाला पाणी आलं, तसं सरपण बाहेर आलं आणि संडासाचा संडास झाला. असो.

शेतं मात्र जुन्याच जागी राहिली. पूर्वी घरून शेत दहा मिनिटांवर. आता काहींना तासाभराची पायपीट. भाकरी घेऊन जाणाऱ्या बाईचा निम्मा दिवस वाटेवर. काही घरांनी शेतातच आखाड्यावर पत्रे टाकले आणि तिकडंच राहू लागले. आजही कापणी-मळणीच्या दिवसांत निम्म्या घरांना कुलपं असतात.

हळूहळू मात्र गाव धरू लागलं. कसं म्हणाल, तर कुणी ठरवून नाही. सरकारी रस्ता काटकोनात वळायचा, आमची पावलं तिरकी गेली. तिरकी पायवाट पडली. पायवाटेच्या वळणावर कुणीतरी कडुनिंब लावला. निंब वाढला, त्याला दगडांचा पार केला. पारावर म्हातारे बसू लागले. घरापुढं ओटे झाले. ओट्यावर बाया डाळ निवडायला बसल्या की समोरच्या ओट्यावरची बाई बोलणारच. सप्ता बसला तेव्हा वीणा कुठं उभा करायचा यावर वाद झाला. शेवटी अडीचशेच्या ओळींत आणि चारशेच्या ओळींत मधोमध मंडप घातला. त्या सात दिवसांत पंगतीला जो तो जवळ सापडेल तिथं बसला. जुन्या गावात असं कधी झालं नव्हतं. भजनात सूर लागला नाही, पण गाव लागलं.

आता ती मघाची गोष्ट. आम्ही म्हणालो होतो, पुन्हा येईल म्हणून.

गुरांना कोठा पाहिजे. पैसा थोडा. मग काय केलं? जुन्या गावात गाड्या जुंपून गेलो आणि ढिगातले दगड भरून आणले. गवंडी तोच, चिखल तोच, रुंद भिंत तीच. पक्क्या घराला लागून पुन्हा दगड-चिखलाचा कोठा उभा केला, आणि वर कडब्याच्या पेंढ्यांचा बोजा. दोन वर्षांत कोठ्याच्या कडेला एक खोली झाली, कारण लेकाचं लग्न झालं. ज्या दगडांनी आमची दोन माणसं मारली, तेच दगड आम्ही आमच्या हातांनी घरी आणले आणि त्यांच्याखाली नवी सून निजवली. आम्ही म्हणजे आम्हीच, दुसऱ्याचं सांगत नाही. या गावात अशा खोल्या अजून आहेत. कोणत्या, ते तुम्हांला ठाऊक आहे.

जी गावं हलली नाहीत, तिथं याची समज आमच्याआधी आली, हे कबूल केलं पाहिजे. दोन लाखांच्या आसपास घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत झाली. तिथं गावोगाव बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. स्वयं शिक्षण प्रयोग नावाच्या संस्थेनं त्यांना तयार केलं. या बाया घरोघर जाऊन सांगत, माळवदावरची माती कमी करा. भिंतीत आरपार दगड घाला. खांब आणि तुळई जिथं मिळते तिथं तिरका टेकू द्या. चारी भिंतींना मिळून सिमेंट-सळईचा एक पट्टा घाला, पोत्याला दोरी आवळतात तसा. म्हणजे धक्का आला तरी भिंती एकमेकींना सोडत नाहीत. आमच्या गावात बांधकाम बाहेरच्या माणसांनी केलं. घर आयतं मिळालं, समज मिळाली नाही.

आम्ही आमची ती खोली चार वर्षांपूर्वी उतरवली. दगड वापरले, पण पायाला. वर विटा सिमेंटात, त्यावर पट्टा, आणि छपराला पत्रा. कोठ्याची भिंत कमरेएवढीच ठेवली. खर्च झाला, नाही असं नाही. एकदम जमत नसेल त्यानं एवढं करावं, दगड-मातीच्या भिंतीच्या आडोशाला कुणाचं अंथरूण घालू नये. त्याला पैसा लागत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि तिच्यासाठीच आज तुम्हांला थांबवलं.

भाऊ एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला, हे सांगितलंच आहे. मग लोकांनी तोड काढली. घरांची अदलाबदल केली. तुझं घर माझ्या आईशेजारी, माझं घर तुझ्या भावाशेजारी. माप एकच, अडीचशे. मग बदलूया. चार माणसं बसवली, नारळ फोडला, चहा झाला आणि बिऱ्हाडं हलली. गावात असे किती नारळ फुटले, याची मोजदाद नाही. कागद कुणी बदलला नाही. कागदाची आठवणच कुणाला झाली नाही.

आपल्या वर्गात मागच्या ओळीत एक आजी बसतात. वय पासष्ट. त्या या वर्गात अक्षरं शिकल्या. पाटीवर शंभरापर्यंत आकडे काढायला त्यांना दीड महिना लागला, आणि शंभराच्या पुढं जायला पंधरा दिवस. गेल्या पावसाळ्यात त्यांनी ट्रंकेतून घराचा कबाला काढला. कबाला म्हणजे हे घर तुम्हांला दिलं, असा सरकारी कागद. आजवर तो घडी न मोडता ठेवलेला, कुंकू लावून. त्यांनी बोट ठेवून आकडा वाचला. एकशे त्रेचाळीस. मग बाहेर येऊन दारावरची पाटी वाचली. सत्याऐंशी. पुन्हा आत गेल्या, पुन्हा वाचला.

संध्याकाळी वर्गात आल्या त्या कागद पदराखाली धरून. हळूच म्हणाल्या, "गुरुजी, माझं वाचायला चुकलं का?"

आम्ही कागद पाहिला. पोटात धस्स झालं. आम्ही म्हणालो, "नाही आजी. तुम्ही बरोबर वाचलंत."

त्यांच्या मालकानं घर बदललं होतं. नारळ फोडणारे दोघेही आता नाहीत. ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढला. त्यावरही जुनाच आकडा. म्हणजे तीस वर्षं आजी ज्या घरात नांदल्या, ते कागदावर दुसऱ्याचं. आणि दुसरं कुटुंब ज्या घरात आहे, ते कागदावर आजींचं. दोन्ही घरं तेव्हा सारखी होती. आता सारखी राहिली नाहीत. एकाच्या पुढून डांबरी रस्ता गेला आहे आणि त्याच्या अंगणात दुकानाचा गाळा निघू शकतो. ते घर कोणतं, हे आम्ही इथं बोलणार नाही. ज्यांचं आहे त्यांना माहीत आहे.

त्या घरचा नातू पुण्याला कारखान्यात आहे. त्याला बोलावलं. त्यानं दोन्ही कागद वाचले. तो शिकलेला, त्याला एका नजरेत कळलं. म्हणाला, "विचार करून सांगतो." वाईट बोलला नाही. पण त्या रात्री आजी जेवल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर आम्हीही जेवलो नाही. वाचायला शिकवलं नसतं तर आजी सुखात होत्या, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग म्हटलं, कागद आजींनी वाचला नसता तर उद्या कुणीतरी दुसऱ्यानं वाचलाच असता. आणि तेव्हा आजी नसत्या, सांगायला.

पंधरा दिवसांनी नातू परत आला. त्याच्या आजीनंच त्याला बोलावलं होतं. ती म्हणाली, "या घरात माझ्या सुनेची दोन बाळंतपणं झाली. दारातला लिंब मी लावला. मी कुठं हलायची नाही आणि तिलाही हलवायचं नाही. काय सह्या करायच्या त्या करा." दोन्ही आज्या या पारावर शेजारी बसल्या होत्या. एकीनं सही केली, ती आपल्या वर्गातली. दुसरीनं अंगठा लावला. अंगठा लावून झाल्यावर तिनं पहिलीच्या सहीकडं बराच वेळ पाहिलं. पुढच्या सोमवारपासून ती वर्गाला येते आहे.

काम अजून झालेलं नाही. आम्ही तहसीलला जाऊन विचारून आलो. घराच्या अदलाबदलीला तोंडचा शब्द चालत नाही. तसा दस्त लिहावा लागतो आणि तो निबंधकाकडं नोंदवावा लागतो. सरकारनं दिलेलं घर असेल तर आधी परवानगी लागते का, हे लेखी विचारावं. मालक हयात नसेल तर वारसांची नावं आधी लागली पाहिजेत, आणि वारसांत लेकीही येतात, हे विसरू नका. पुण्याच्या नातवाच्या दोन आत्या आहेत, त्यांच्या सह्या अजून यायच्या आहेत. एक उमरग्याला, एक सोलापूरला. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे-तिघे मिळून जाणार आहोत.

मघाशी त्या सुनेनं विचारलं, मामंजी रोज तिकडं करतात काय? बाई, ते काही करत नाहीत. देवळापुढं झाडतात. पडलेल्या वाड्याच्या जोत्यावर घटकाभर बसतात. येताना कधी टोपलीभर माती आणतात आणि इथल्या अंगणात पसरतात. आम्ही त्यांना एकदा विचारलं तर म्हणाले, "पावसात ही काळी चिकटते रे पायाला. ती नाही चिकटत."

आता बराच उशीर झाला. उद्या वर्गाला येताना ज्याच्या त्याच्या घरी जो घराचा कागद असेल तो घेऊन या. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. आणि येताना आपल्या दारावरची पाटी वाचून या. पाटी पुसली असेल तर शेजाऱ्याची वाचा आणि पुढचा आकडा मोजा. ज्यांच्या घराला कागदच मिळालेला नाही, त्यांनी मोकळ्या हातानं यावं. त्यांचा अर्ज आपण फळ्यावर सगळे मिळून लिहू.